रिकामी सातवी ओळ

आमच्या कंपनीच्या क्रेन आज नऊ देशांतल्या बंदरांवर उभ्या आहेत आणि सगळ्यांचा रंग एकच आहे, हिरवट निळा. परवा टीव्हीवर कोणी एक तज्ज्ञ सांगत होता की हा रंग फार विचार करून निवडलेला आहे. मला हसू आलं. पहिल्या क्रेनला रंग देताना निळ्याचे डबे कमी पडले, म्हणून ऑफिसच्या दारांसाठी आणलेला हिरवा रंगाऱ्याने त्यात ओतला. मी शेजारीच उभी होते. दुसरी क्रेन रंगवायची वेळ आली तेव्हा पहिलीसारखीच दिसली पाहिजे, असा थोरल्या साहेबांचा हट्ट. मग त्याच रंगाऱ्याला शोधून आणून पुन्हा तसंच मिसळायला लावलं. पुढे तो रंग कारखान्यातून तयार येऊ लागला आणि कोणी विचारेनासं झालं.

मी आता शहात्तर वर्षांची आहे. कंपनीत लागले तेव्हा बावीस वर्षांची होते. तेव्हा कंपनी म्हणजे एक धक्का, दुसऱ्या बंदराने टाकून दिलेल्या दोन क्रेन, आणि पत्र्याचं ऑफिस. ऑफिसच्या भिंतीवर प्लायवुडची मोठी पाटी होती. तिच्यावर यार्डाच्या बारा ओळी रंगवलेल्या, प्रत्येक जागेला खिळा, आणि प्रत्येक कंटेनरसाठी पत्र्याचं एक छोटं तिकीट. जहाजातून कंटेनर उतरला की तो कुठल्या ओळीत, कितव्या थरावर ठेवायचा हे मी ठरवायचं, तिकीट खिळ्याला अडकवायचं आणि खिडकीतून यार्डातल्या क्रेनवाल्याला आकडा ओरडून सांगायचा. वायरलेस नव्हता. क्रेनवाला म्हणजे माझा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याच ओळखीने मी लागले होते. माझा आवाज त्याला तिथे वर नीट ऐकू यायचा. लहानपणापासून हिचं ओरडणं ऐकून माझे कान तयार झालेत, असं दादा सगळ्यांना सांगायचा.

आमची जमीन भरावाची. खाडीत दगडमाती टाकून यार्ड केलं होतं. मला लागून दोन वर्षं झाली होती, त्या वेळची गोष्ट. एका दुपारी मोठं जहाज आलं आणि जागा अपुरी पडली. सातव्या ओळीत मी चौथ्या थरावर जड कंटेनर लावले, यंत्रांचे. कागदावर चार थर चालत होते. तीनच्या सुमाराला दादा क्रेनवरून खाली उतरला आणि सातव्या ओळीच्या कडेला वाकून काही तरी बघू लागला. मी खिडकीत उभी होते. जमीन खचली, ओळ कलली, आणि सगळ्यात वरचा कंटेनर सरकून त्याची कड दादाच्या पायावर आली.

दादाचा जीव वाचला. पाऊल गेलं. तेव्हा त्याचा मुलगा दीड वर्षाचा होता. थोरल्या साहेबांनी दादाला काढलं नाही, गेटवर कागद तपासायला बसवलं. “वासरांत लंगडी गाय शहाणी, म्हणून मला गेटचा प्रमुख केलंय,” असं तो ट्रेलरवाल्यांना स्वतःच सांगायचा, म्हणजे दुसऱ्या कोणाला ते बोलायची सोय राहत नसे. पण त्या दुपारबद्दल तो कधी बोलला नाही. माझ्याशी नाही, वहिनीशी नाही. मुलाला मोठा झाल्यावर एवढंच माहीत होतं की बाबांचा पाय बंदरात गेला. आणि ते जड कंटेनर तिथे मी लावले होते, हेही दादा कधी बोलला नाही. चौकशीतही नाही.

त्या दिवसापासून सातवी ओळ रिकामी राहिली. तिच्यावर कंटेनर ठेवायचा नाही आणि भरलेला ट्रेलर तिच्यावरून न्यायचा नाही. आमच्याकडे यार्डाला दोन्ही बाजूंनी रस्ते होते. एक ते सहा ओळींचे ट्रेलर एका रस्त्याने धक्क्यावर जायचे, आठ ते बारा ओळींचे दुसऱ्याने, त्यामुळे कोणाचं काही अडलं नाही. पुढे तिथे कामगारांच्या सायकली लागू लागल्या, मग स्कूटर, मग कॅन्टीनची शेड आली. पाटीवरचे सातव्या ओळीचे खिळे मी स्वतः उपटून काढले.

नंतरची वीस-पंचवीस वर्षं भराभर गेली. दुसरा धक्का झाला, तिसरा झाला. पाटी गेली, संगणक आले. माझ्या हाताखाली चौदा जण आले, आणि सगळं ऑफिस मला ताई म्हणू लागलं. जहाज कंपन्यांचे लोक यायचे आणि विचारायचे की तुमचं काम इतकं बिनबोभाट कसं चालतं. थोरले साहेब माझ्याकडे बोट दाखवायचे. मग एके दिवशी परदेशातल्या एका सरकारने त्यांचं बंदर चालवायला द्यायचं काढलं. आमच्यापेक्षा पाचपट मोठ्या कंपन्या रांगेत होत्या, पण काम आम्हाला मिळालं. त्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “ताई, तुमच्या डोक्यात आहे ते सगळं कागदावर उतरवा. तुम्हाला तर मी तिकडे पाठवू शकत नाही. पुस्तक पाठवतो.”

ते पुस्तक लिहायला मला सात महिने लागले. कंटेनर कसे रचायचे, थंड कंटेनर कुठे, घातक माल कुठे, ट्रेलर कुठून वळवायचा, सगळे मिळून तीनशे बारा नियम. सातव्या ओळीचाही नियम लिहिला, आणि खाली अपघाताची हकिगत लिहिली. साहेबांनी वाचून त्यावर पेन्सिलीने काट मारली.

“पाहुण्यांना घर दाखवताना आपण गळकं छप्पर दाखवतो का?” ते म्हणाले. “अपघात नको. बाकी उत्तम.”

मी ते पान पुन्हा लिहिलं. नव्या पानावर एवढंच राहिलं: सातवी ओळ रिकामी ठेवावी. तिच्यावरून भरलेला ट्रेलर नेऊ नये. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं.

परदेशातल्या त्या बंदराच्या यार्डाचा प्रमुख म्हणून माझा भाचा गेला. हो, तोच, दादाचा मुलगा. तो इंजिनियर होऊन आमच्याच कंपनीत लागला होता आणि कामाला चोख होता. तरी लोक बोललेच. आत्याचं पुस्तक आणि आत्याचाच भाचा, आता घरचं कार्य आहे म्हणायचं, असं कॅन्टीनमध्ये चाललेलं माझ्या कानावर आलं. त्याच्याही आलं असणार.

पहिली दोन वर्षं बातम्या चांगल्या होत्या. तिसऱ्या वर्षी जहाजं वाढली आणि तक्रारी सुरू झाल्या. जहाजं ताटकळतात, यार्ड भरलेलं असतं, ट्रेलर वेळेवर धक्क्याला पोचत नाहीत, क्रेन हाताची घडी घालून उभ्या राहतात. एका मोठ्या जहाज कंपनीने दुसरीकडे जायची नोटीस दिली. नेमकं तेव्हाच आणखी दोन देशांतल्या बंदरांचं बोलणं चाललं होतं, आणि ते लोक आमचं हे पहिलं बंदर बघूनच सही करणार होते. थोरले साहेब तोवर गेले होते. कंपनी त्यांची मुलगी बघत होती. ती लहान असताना ऑफिसात येऊन माझ्या स्टुलावर चढायची आणि तिकिटं खिळ्यांना अडकवायची. चारचौघांत मी तिला मॅडम म्हणायची आणि दोघीच असलो की तू. ती मात्र कायम ताई आणि तुम्ही.

तिने मला बोलावून सांगितलं की ती स्वतः तिकडे जाते आहे आणि मीही बरोबर यायचं आहे. संचालक मंडळाचं मत होतं की यार्डाचा प्रमुख बदलावा, भाच्याला परत आणून खालच्या जागेवर बसवावं. तिला आधी खात्री करून घ्यायची होती.

“पुस्तक तुम्ही लिहिलंय. त्याने पुस्तक सोडून काय काय केलंय, तेवढं मला शोधून द्या,” ती म्हणाली. “भाचा आहे म्हणून पांघरूण घालू नका.”

मी म्हटलं, घालणार नाही. माझ्या निवृत्तीला दोन महिने राहिले होते. तोवर मी विमानात बसले नव्हते.

भाचा आम्हाला न्यायला आला तेव्हा मला तो ओळखूच आला नाही, इतका वाळला होता. पाया पडला आणि आमच्या बॅगा उचलून गाडीकडे निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यार्डात उतरले आणि दोन मिनिटं तशीच उभी राहिले. ते आमचंच यार्ड होतं. बारा ओळी, तेच आकडे, त्याच जागी दिव्यांचे खांब, त्याच रंगाच्या क्रेन. ऑफिसची खिडकीसुद्धा आमच्यासारखी यार्डाकडे तोंड करून. फरक एवढाच की मागे काळ्या दगडाचा डोंगर होता आणि धक्क्याकडे जाणारा रस्ता एकच, पहिल्या ओळीच्या बाजूने.

मी पुस्तक काखेत धरून दोन दिवस फिरले. बरोबर तिथला मुकादम होता. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी असायची, म्हणून आमचे लोक त्याला शिट्टीच म्हणत. आमची भाषा मोडकीतोडकी बोलायचा, पण नियम त्याला नंबरासकट पाठ होते. मी विचारायची, तो नंबर सांगून दाखवायचा. थंड कंटेनर जागच्या जागी. घातक माल जागच्या जागी. तीनशे बारा नियमांपैकी एकही मोडलेला मला सापडेना. मला एकीकडे बरं वाटत होतं आणि दुसरीकडे धास्ती वाटत होती. नियम मोडला नसेल तर मग माणूसच कामाचा नाही, असा त्याचा अर्थ मंडळ लावणार होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सातव्या ओळीशी आलो. स्वच्छ झाडलेली, दोन्ही कडांना ताज्या पांढऱ्या रेघा, एकही कंटेनर नाही. त्या गच्च भरलेल्या यार्डात ती ओळ एखाद्या मैदानासारखी दिसत होती. शिट्टी कडेलाच थांबला. मी दोन पावलं आत गेले तर तो कासावीस झाला.

मी विचारलं, ही ओळ रिकामी का?

तो म्हणाला की ही मालकांची ओळ. मालक कधी आले तर इथे उभे राहून यार्ड बघतील, म्हणून ती मोकळी ठेवायची असते. दर महिन्याला रेघा नव्याने मारतो. काल मॅडम आल्या आणि इथे उभ्या न राहताच ऑफिसात गेल्या, तेव्हा आमचं काही चुकलं का, असं त्यानेच मला विचारलं.

मी खाली वाकून जमिनीवर हात फिरवला. काळा दगड, आणि त्यावर वीतभर काँक्रीट. त्या जमिनीत कुदळसुद्धा शिरली नसती. समोरून एक भरलेला ट्रेलर नवव्या ओळीतून निघाला. सातवी ओलांडली असती तर रस्ता समोरच होता. पण तो उलटा वळला आणि डोंगराच्या पायथ्याच्या अरुंद रस्त्याने, सगळ्या यार्डाला फेरी मारून धक्क्याकडे गेला. त्याच्या मागे दुसरा. तिकडच्या अरुंद वळणावर एकाला थांबावं लागायचं, तेव्हा दुसरा जायचा.

मी पर्समधून कागद काढला आणि जुन्या सवयीने रेघोट्या ओढत घड्याळ लावून तासभर उभी राहिले. चौथ्या ओळीतून धक्क्यापर्यंत सहा मिनिटं. नवव्या ओळीतून चौदा. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत लिहिली होती, इथे ती ट्रेलरसकट बघत होते. आणि कळसा खरोखरच माझ्या काखेत होता, दोनशे अठ्ठाविसाव्या पानावर.

मी तडक भाच्याच्या केबिनमध्ये गेले आणि दार लावून घेतलं.

“तुला डोळे नाहीत का रे?” मी विचारलं. “दगडावरची ओळ तीन वर्षं रिकामी ठेवलीस? इंजिनियर ना तू?”

तो उठला, कपाटातून एक फाईल काढली आणि एक कागद उघडून माझ्यासमोर ठेवला. त्याने मुख्य कार्यालयाला लिहिलेलं पत्र होतं, बंदर सुरू झाल्यानंतर दोन महिन्यांनी लिहिलेलं. इथली जमीन खडकाळ आहे, रस्ता एकच आहे, सातवी ओळ रिकामी ठेवण्याचं कारण कळवावं, म्हणजे गरज नसेल तर ती वापरता येईल. त्याच कागदावर खाली उत्तर होतं: पुस्तकाप्रमाणे करावे. त्याखाली माझी सही.

मला आठवेना. त्या वर्षी आमच्याकडे चौथ्या धक्क्याची गडबड होती आणि तिकडून रोज पत्रं येत. मी गठ्ठा पुढे ओढायची आणि एकेकावर तीच ओळ लिहायची. हे पत्र मी पूर्ण वाचलंही नसेल. की वाचूनही तसंच लिहिलं, तेही मी आज शपथेवर सांगू शकत नाही.

“आत्या, सही तुझी,” भाचा म्हणाला. “त्यानंतर मी कोणाला विचारणार? आणि पुस्तकाला हात लावला असता तर म्हणाले असते, घरचं आहे म्हणून मनमानी करतो.”

“कारण माहीत आहे तुला?” मी विचारलं.

“नाही. तुझ्या पुस्तकात आहे म्हणजे काही तरी असेल, असं धरून चाललो.”

मी खुर्चीत बसले. मग त्याला सांगितलं. भराव, यंत्रांचे कंटेनर, चौथा थर, आणि त्याचे वडील. मी लावलेल्या तिकिटांपासून सगळं. तो तेहतीस वर्षांचा माणूस टेबलावरचा कागद सरळ करत राहिला. तो आधीच सरळ होता. शेवटी त्याने एकच विचारलं, की हे बाबांनी त्याला का सांगितलं नाही. 

तासाभराने मी मॅडमच्या समोर होते. पाहुण्यांच्या खोलीत दोघीच होतो. मी पुस्तक, माझ्या रेघोट्यांचा कागद आणि ते पत्र असं तिन्ही तिच्यापुढे ठेवलं आणि सांगितलं की तुझ्या यार्डाच्या प्रमुखाने पुस्तक सोडून काही केलेलं नाही, पुस्तकच चुकलं आहे. तिने पत्र दोनदा वाचलं. मग खिडकीशी जाऊन यार्डाकडे बघत राहिली. ती वडिलांसारखी उभी राहते, एका पायावर भार देऊन.

तिचा तोडगा तयार व्हायला फार वेळ लागला नाही. भराव नीट बसेपर्यंत तीन वर्षं एक ओळ मोकळी ठेवली होती, आता मुदत संपली, असं मंडळाला कळवायचं. भाच्याची जागा वाचते, माझ्या सहीचा विषय निघत नाही, नव्या बंदरांचे लोक येण्याआधी यार्ड धावायला लागतं. कोणाचंच नाव नाही.

मी म्हटलं, “इथे भराव कुठे आहे? दगड आहे.”

“मंडळातलं कोण इथे येऊन जमीन उकरणार आहे, ताई?”

“आणि पुढच्या दोन बंदरांत हेच पुस्तक जाणार. तिकडेही सातवी ओळ झाडून ठेवतील.”

“तेवढा नियम काढून टाकू.”

“मग कुठे तरी खरोखरच भराव असेल, तिथे कोणी तरी चार थर लावेल.”

ती खुर्चीवर येऊन बसली. मग म्हणाली, “अपघात बाबांनीच काढायला लावला होता ना? पेन्सिलीची खूण मी बघितली आहे, जुन्या प्रतीत. तसं सांगा. तुमच्यावर काही येणार नाही.”

साहेबांवर ढकलणं सोपं होतं. ते नव्हते आणि खूण होती.

“त्यांनी अपघात काढायला सांगितला,” मी म्हटलं. “जमीन भरावाची आहे, एवढं कारण लिहायला त्यांची काही हरकत नव्हती. ते मी काढलं. कारण लिहिलं असतं तर कोणी तरी विचारलं असतं की तुम्हाला हे कसं कळलं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला ती तिकिटं आठवत असावीत, आणि ती कोण लावायचं तेही.

“तुमचे दोनच महिने राहिलेत,” ती म्हणाली.

“म्हणून तर. पुस्तकात आणखी एक रकाना पाडते. प्रत्येक नियमापुढे कारण. माहीत नसेल तिथे माहीत नाही असं लिहायचं, म्हणजे पुढचा माणूस निदान विचारेल.”

तिने फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाली की पाय त्यांचा गेला आहे, आधी त्यांना विचारा.

आमच्याकडे तेव्हा सकाळ होती. फोन वहिनीने घेतला, माझी तब्येत विचारली, तिकडे थंडी आहे का ते विचारलं आणि मग दादाला दिला. मी त्याला सगळं सांगितलं. मुलाला सांगितलं आहे, हेही सांगितलं.  त्याच्या मागे वहिनी भांडी लावत असल्याचं ऐकू येत होतं.

“लिही,” तो म्हणाला. “पण चिंगे, डावा पाय लिही. कंपनीच्या कागदात उजवा लावलाय. कारकून माझ्यासमोर उभा होता, त्याच्या बाजूचा लिहून मोकळा झाला. बत्तीस वर्षं मी खोटा पाय घेऊन फिरतोय.”

मी हसले, तो नाही हसला.

मॅडमने मंडळाला खरं कळवलं. माझं पत्र त्याला जोडलं, माझ्या सहीसकट. भाच्याची जागा राहिली. माझ्या निवृत्तीच्या समारंभाला संचालकांपैकी कोणी आलं नाही, आणि ते योग्यच होतं. पण ते नंतरचं. तिथे तिसऱ्या दिवशी सकाळी सातव्या ओळीच्या रेघा खरवडून काढल्या. शिट्टी मॅडमना आधी तिथे नेऊन उभं करण्यावर अडून बसला, तर त्या खरंच मधोमध जाऊन उभ्या राहिल्या आणि दोन्ही बाजूंना बघून परत आल्या. मग त्याने शिट्टी फुंकली आणि नवव्या ओळीतला ट्रेलर सातवीवरून सरळ गेला. ड्रायव्हरशेजारी भाचा बसला होता. ओळ ओलांडताना त्याने खाली जमिनीकडे बघितलं, ते मी कडेला उभी राहून बघितलं. धक्क्यापर्यंत सात मिनिटं.

दोन महिने मी घरी आणि ऑफिसात एकच काम केलं. तीनशे बारा नियमांची कारणं शोधली. जुन्या माणसांना फोन केले, गेलेल्यांच्या मुलांना गाठलं. एक्केचाळीस नियमांची कारणं कोणालाच सांगता आली नाहीत. तिथे तसं लिहिलं. क्रेनच्या रंगापुढे मी रंगाऱ्याची हकिगत लिहिली होती, ती मात्र मॅडमनी काढली. म्हणाल्या, हे आपल्या दोघींत राहू द्या.

पुस्तक छापून आलं तेव्हा भाचा सुट्टीवर आला होता. मी पहिली प्रत घेऊन दादाकडे गेले. त्याने चष्मा लावून दोनशे अठ्ठाविसावं पान काढलं. जमीन भरावाची होती. यार्डाचं नियोजन करणाऱ्या कारकून बाईने चौथ्या थरावर जड कंटेनर लावले. जमीन खचून क्रेनचालकाचा डावा पाय गेला. त्याने डावा या शब्दावर बोट ठेवलं आणि मान हलवली. मग मुलाला म्हणाला, “इकडे ये. काड्यापेट्या आण, आहेत तेवढ्या.”

वहिनीने कपाटातून अख्खा पुडा काढून दिला. दादाने टेबलावर ओळी लावल्या, सातवीत चार थर रचले, चष्म्याचं घर क्रेन म्हणून उभं केलं आणि दुपारी एक वाजल्यापासून सांगायला लागला. बत्तीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकत होते. जहाजाचं नाव, वारा कुठला होता, मी खिडकीतून कुठला आकडा ओरडले ते. त्याच्या ध्यानात सगळं होतं. मग त्याने एक काडी काढून सातव्या ओळीच्या कडेला आडवी ठेवली.

“ही भेग,” तो म्हणाला. “दोन दिवस आधी दिसली होती मला. एवढीच. सांगितलं असतं तर ओळ बंद केली असती आणि येणारं जहाज परत गेलं असतं. म्हटलं, हे जहाज जाऊ दे, मग सांगू.”

मुलगा काडीकडे बघत होता. वहिनी दारात थांबली होती.

“म्हणून खाली उतरलास,” मी म्हटलं.

“वाढली का ते बघायला.”

 मग मी विचारलं की हे लिहू का. त्याने चष्म्याचं घर उचललं, चष्मा पुसून त्यात ठेवला आणि म्हणाला की आता छापून झालं ना, पुस्तक काय पुन्हा छापणार. मी म्हटलं, बंदरं वाढली की छापावंच लागेल. तेव्हा लिही म्हणाला.

पुढच्या आवृत्तीत ते आलं. तीनशे तेरावा नियम तो आहे. जमिनीला भेग दिसल्यास त्याच दिवशी कळवावे, जहाज थांबले तरी चालेल. कारणाच्या रकान्यात दादाने सांगितलं तसंच आहे, त्याच्याच शब्दांत. नऊ देशांत ते त्यांच्या त्यांच्या भाषेत छापतात.